हिरवी चिमणी

“तूच माप आणि तूच माल, असं कुठल्या बाजारात चालतं गं?” हेरवाडे मॅडमनी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये असं विचारलं, तेव्हा ऋजुता हसली होती.

मॅडम विधी विभागाच्या. चहात खारी बुडवतानाही त्यांना कलमं आठवायची. त्यांचं म्हणणं असं, की भाजीवाल्याचं वजन खरं की खोटं हे त्याच वजनाशी लावून कळत नाही. वजनमाप खात्याचा माणूस आपलं वेगळं वजन घेऊन येतो, ताडून बघतो, मगच शिक्का बसतो. आणि इथे तर बाळंतिणीचं मन तपासणाऱ्या ‘चिमणी’ नावाच्या यंत्रात निरोगी आईचा आवाज म्हणून ऋजुताचाच आवाज बसवायचं चाललं होतं. उद्या हीच पोरगी बाळंत झाली आणि हिचंच मन बिघडलं, तर चिमणी तिला कुणाशी ताडून बघणार?

“आधी नवरा तर मिळू दे, मॅडम,” असं म्हणून ऋजुता उठली. स्टुडिओची वेळ झाली होती. संगीतात एम. ए. झालेली, नुकती प्रकल्पात सहायक म्हणून लागलेली. तिला आपला आवाज इतका कामाचा ठरतोय याचंच अप्रूप होतं.

मिरजेत डॉक्टरही पुष्कळ आणि तंबोरेही पुष्कळ. म्हणून कृष्णाकाठ विद्यापीठाने आरोग्यविज्ञान, विधी आणि ललित कला या तिन्ही विभागांचं मिळून केंद्र काढलं ते इथेच. त्याचा पहिला मोठा प्रकल्प म्हणजे चिमणी. पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्यात कापडी राघू-मैनांच्या मधोमध एक चिमणी बसवलेली. तिच्या पोटात एक कान आणि एक दिवा.

बाळंतपणानंतर काही बायकांचं मन खचतं. कुणाचं चार दिवसांत सावरतं, कुणाचं वर्षभर नाही. घर आनंदात असतं, त्यामुळे ती बाई सांगत नाही. विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणते. पण आवाज लपवणं अवघड. खचलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो, गळ्याचे स्नायू सैलावतात. बोलताना हे झाकून जातं, कारण बोलणं तुकड्यातुकड्यांनी होतं. गाताना मात्र अख्खी ओळ पेलावी लागते. मग ओळीच्या शेवटी स्वर केसभर खाली घसरतो, श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो, वरचा स्वर गाठण्याआधीच गळा माघार घेतो. माणसाच्या कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. आईने रोज पाळण्यापाशी अंगाई गायची, चिमणीने ऐकायची. ठीक असेल तर पोटातला दिवा हिरवा, शंका असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल.

आता घसरलेला स्वर ओळखायचा, तर न घसरलेला कसा असतो हे यंत्राला आधी शिकवायला हवं. त्यासाठी गावोगाव फिरून धडधाकट आयांच्या अंगाया रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांत कुकरच्या शिट्ट्या होत्या, जावाजावांचं खिदळणं होतं, आणि मुख्य म्हणजे बहुतेक जणी बेसूर होत्या. संगीत विभागातल्या मंडळींना ते ऐकवेना. जन्मभर तंबोऱ्याशी कान जुळवलेली माणसं. त्यांच्या लेखी बेसूर म्हणजे बिघाड. त्यांनी त्या सगळ्या अंगाया सदोष ठरवून बाजूला सारल्या आणि मापासाठी एकीला स्टुडिओत बसवलं, मागे तंबोरा लावून, मांडीवर गुंडाळलेली दुपटी देऊन. ती एक म्हणजे ऋजुता. धडधाकट आईसुद्धा बेसूर गाते, खुशाल गाते, हे कुणाच्या मनात आलं नाही. डॉक्टरांना सुरांतलं कळत नव्हतं आणि गाणाऱ्यांना बाळंतिणीतलं.

खोटं कशाला बोला, चिमणीने पुष्कळ बायका वाचवल्या. ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं त्यांच्याकडे दिवा लाल झाल्यावर घर वळून बघू लागलं. मग तिला कायद्याचं बळ मिळालं. सलग तीन दिवस लाल आली तर माता-बाल रक्षण कक्षाची माणसं येणार, आई वॉर्डात जाणार, मूल जवळच्या नातेवाइकाकडे. चिमणीची नोंद कोर्टात पुरावा म्हणून चालणार. दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातल्या प्रत्येक पाळण्यावर चिमणी लटकू लागली, आणि नुसत्या बेसूर गळ्यापायी लाल येऊ नये म्हणून विश्रामबागेत एकीने गरोदर बायकांसाठी अंगाईचा क्लास काढला. तो तुडुंब चालला.

ऋजुताला नवरा मिळाला, तोही चांगला. अभिनंदन चौगुले साखर कारखान्यात केमिस्ट होता. दिवसभर रसाची आम्लता आणि पाकाची घनता बघणारा माणूस. रीडिंग बरोबर तर माल बरोबर, ही त्याची कामातली सवय, आणि ती चांगली सवय होती. लग्नानंतर दोन वर्षांनी चंदना झाली. दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने चिमणाळं हातात दिलं आणि ऋजुताचं नाव वाचून म्हणाली, “अय्या, म्हणजे चिमणीच्या आतली तुम्हीच की.”

पहिल्या दिवसापासून दिवा हिरवा. अभिनंदनच्या फोनवरही तशीच एक इवलीशी चिमणी यायची. कारखान्यात बसल्याबसल्या तो बघायचा आणि निर्धास्त व्हायचा.

आणि इकडे ऋजुताचं असं झालं होतं, की बादली भरून वाहू लागली तरी ती नुसती बघत उभी राहायची. चंदना मांडीवर असली की कुणीतरी आपली वस्तू विसरून गेलंय आणि ती सांभाळत बसावी लागतेय, असं वाटायचं. रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं. डिंकाचा लाडू तोंडात घोळत राहायचा आणि गिळायचं कसं ते आठवायला लागायचं. दुपटी वाळत घालायला गच्चीवर जायचं ती टाळू लागली होती. का, ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. फक्त कठड्यापासून लांब राहायचं, एवढं ठरवलं होतं.

पण संध्याकाळ झाली, पाळण्यापाशी बसली, की गळा आपोआप सुरात लागायचा. बारा वर्षांचा रियाज होता तो. तंबोरा नसताना कानात तंबोरा वाजायचा. ओळीच्या शेवटी स्वर पडू द्यायचा नाही हे बुवांनी इतकं मारून मुटकून शिकवलं होतं, की ती बुडत होती तरी स्वर पडत नव्हता. चिमणी हिरवी. सासूबाई पदर सावरत म्हणायच्या, “आमच्या वेळी कोण विचारत नव्हतं बाई. आता चिमणी तरी विचारते.”

खरं म्हणजे आता कुणीच विचारत नव्हतं. पूर्वी अभिनंदन घरी आला की ‘कशी आहेस गं’ म्हणायचा. हल्ली तो चपला काढताकाढता पाळण्याकडे नजर टाकायचा आणि हात धुवायला जायचा. त्याला उत्तर मिळालेलं असायचं.

शेवटी ती आपणहून केंद्रात गेली. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर कुलगुडे तिला बघून खूश झाले. पेढा मागवला. ती म्हणाली, मला बरं वाटत नाही. काय होतंय ते तिने जमेल तसं सांगितलं, कठड्याचंसुद्धा सांगायला घेतलं, पण तोवर त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला होता. हिरव्या टिंबांची रांग, एकही पिवळं नाही.

“अगं, तू तर आमचं स्टँडर्ड,” ते हसले. “तू आजारी म्हणजे अख्खा जिल्हा आजारी म्हणायचा.” थकवा आहे, झोप कमी आहे, लोह कमी असेल. हिरव्या नोंदीवर मनाची औषधं लिहून दिली तर उद्या आम्हालाच जाब विचारतील, हेही त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. ती पेढ्याचा कागद मुठीत धरून घरी आली.

त्याच आठवड्यात नाझनीनचा फोन आला.

नाझनीन तिची गुरुभगिनी. तिचे अब्बा तंबोरे करायचे; सुकलेल्या भोपळ्यांच्या राशीत खेळत ती वाढली होती. दोघी एकाच बुवांकडे, एकाच चटईवर शिकल्या. मी डोळे मिटले की कोणती कोण ते मला सांगता येत नाही, असं बुवा म्हणायचे. नाझनीनलाही चंदनाच्या आगेमागेच मुलगा झाला होता. नवरा मस्कतला, आणि ही सासरी, दर्ग्याच्या मागच्या बाजूला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. दुपारचं पीठ दळायची वेळ होती. फोनमध्ये गिरणीची घरघर येत होती.

“काय करत होतीस?” ऋजुताने विचारलं.

“गाऊन झालं आत्ताच. हिरवी.”

“बाळ झोपलं?”

नाझनीन म्हणाली, “बाळ आत आहे, सासूबाईंच्या खोलीत. मी पाळण्यापाशी.”

“मग गायलीस कुणाला?”

“चिमणीला.” तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली हे सांगावं तसा. “किती दिवस झाले ऋजू, मी त्याला घेतलंच नाही. दूध पाजायला घरातले आणून लावतात तेवढंच. रिकाम्या पाळण्याला गाते. हिरवीच येते. तुझी पण हिरवी आहे ना?”

“हो.”

“मग बऱ्या असू आपण.”

फोन ठेवल्यावर ऋजुता तशीच बसून राहिली. स्वतःबद्दल जे तिला कळत नव्हतं ते दुसरीच्या तोंडून ऐकून लख्ख कळलं. चंदना शेजारी पाय झाडत होती. संध्याकाळी तिने अभिनंदनला सांगितलं. त्याने लगेच नाझनीनच्या दिराला फोन लावला, तेवढा तो चांगला होताच. दीर म्हणाला, भाभी एकदम मजेत, बघा की, चिमणीचा फोटो पाठवतो. फोटो आला. हिरवा दिवा, खाली पाळणा. पाळण्यात काय होतं ते फोटोत दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हेरवाडे मॅडमच्या खोलीत जाऊन बसली. मॅडमनी जुन्या कँटीनच्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की तोंडी सांगून उपयोग नाही. माप चुकीचं आहे हे दाखवायचं तर मापानेच दोन वेगळी उत्तरं द्यायला हवीत. एकाच बाईची, एकाच आठवड्यात.

“म्हणजे मी लाल यायला हवी.”

“असं मी वकील म्हणून सांगू शकत नाही.”

“आणि लाल आले तर चंदना?”

“सासूबाईंकडे देतील. तुझा अहवाल येईपर्यंत.”

“मग परत मिळते?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय, मॅडम?”

मॅडमनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

घरी आली तेव्हा चंदना सासूबाईंच्या मांडीवर होती. सासूबाई गात होत्या. एक ओळ सोडून दुसरीत शिरत होत्या, चाल मध्येच भजनाची होत होती, सूर कुठल्याच पट्टीत नव्हता. आणि चंदना त्यांच्या तोंडाकडे बघून बोळक्याने हसत होती. ऋजुता दारात उभी राहून ऐकत राहिली, शिकवणीला आल्यासारखी.

संध्याकाळी ती पाळण्यापाशी बसली. पहिल्यांदा गळा ऐकेना. ओळीचा शेवट आला की स्वर जागच्या जागी जाऊन बसायचा. तिने डोळे मिटले आणि सासूबाईंचा आवाज आठवला. त्या कुठे श्वास घेतात, कुठे ढेपाळतात, कुठे उगाच वर जातात. तसंच्या तसं गायली. घरातल्या सगळ्यात सुखी बाईची नक्कल केली, आणि चिमणीच्या पोटात लाल दिवा लागला.

अभिनंदन धावत आला. त्याने चिमणीला बोटाने टिचकी मारली, कारखान्यात अडकलेल्या काट्याला मारतो तशी. “सेन्सर गेला असेल. काल तर हिरवी होती.”

“सेन्सर पहिल्यापासूनच गेलाय, अभि. मी बरी नाही.”

हे ऐकताना त्याने आधी चिमणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते ‘आधी’ तिच्या मनात कायमचं राहिलं. पण मग तो खाली बसला, तिच्याशेजारी, फरशीवर, आणि कितीतरी दिवसांनी त्याने विचारलं, “काय होतंय?” तिने सांगितलं. कठड्याचंही सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. थांब आता, उद्यापासून नीट गा, आपण पुण्याला दुसरा डॉक्टर बघू, गुपचूप बघू, असं तो म्हणत राहिला. ती म्हणाली, माझं बघशील रे. नाझनीनचं कोण बघेल?

दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशीही लाल.

कक्षाच्या बायका सभ्य होत्या. एकीने चंदनाचं टोपडं नीट बांधलं. सासूबाईंनी नात घेतली आणि सुनेकडे पाठ फिरवली. रागाने नाही, बघवेना म्हणून. चंदना रडली नाही. ऋजुताला वाटलं होतं की आपल्याला काहीच होणार नाही, इतकं सगळं बधिर झालंय. पण वॉर्डाच्या जीपच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिच्या छातीतून दूध वाहू लागलं, पदर भिजला, आणि ती उभ्याउभ्या हुंदके देऊ लागली. शेजारीपाजारी बघत होते.

कोर्टात डॉक्टर कुलगुडेंनी आलेख लावला. इतके आठवडे सरळ हिरवी रेघ आणि मग एकाच दिवसात कोसळलेली. खरा आजार असा येत नाही, ते म्हणाले. ही बाई गायिका आहे, मुद्दाम सूर पाडू शकते. त्यांचं बोलणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

न्यायाधीशांनी विचारलं, “तुम्ही मुद्दाम बेसूर गायलात?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही आजारी नाही.”

“आहे.”

दोन्ही उत्तरं टाइप झाली. ऋजुताने सांगायचा प्रयत्न केला, की ज्या आवाजाशी सगळ्या जिल्ह्याला ताडून बघता तो आवाज गुंडाळलेल्या दुपट्यांना गायलेला आहे. हेरवाडे मॅडमनीही बाजू मांडली, चिमणीचं माप ताडायला दुसरं माप मागितलं. पण चिमणीविरुद्ध द्यायचा पुरावा म्हणून कायद्यात चिमणीच होती. आदेश निघाला: उपचार चालू राहावेत, कारण बाई स्वतःच आजारी असल्याचं सांगते, मूल आजीकडे राहावं, आणि पुराव्यात फेरफार केल्याच्या चौकशीचा निकाल लागेपर्यंत या बाईने चिमणीखालच्या कुठल्याही आईशी बोलू, भेटू, लिहू नये. इतर जणींना ती बिघडवेल.

वॉर्डातली एक तरुण डॉक्टर मात्र स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवते आणि समोर खुर्ची घेऊन बसते. गोळ्या लागू पडताहेत. परवा ऋजुताला वरणाची चव लागली. रविवारी अभिनंदन चंदनाला खिडकीबाहेर उभं राहून दाखवतो, काचेतून. आत आणायची परवानगी नाही. चंदनाला आता दात येतोय. ऋजुता बरी होतेय, आणि जसजशी बरी होतेय तसतशी तिला नाझनीनची घरघरीतून आलेली ती शांत वाक्यं जास्त स्पष्ट ऐकू येताहेत.

तिने मॅडमना पाठवलं होतं. मॅडम गिरणीवरचा जिना चढून गेल्या. नाझनीनच्या सासूबाईंनी आदराने बसवलं, चिमणी दाखवली. नाझनीन चहा घेऊन आली, केस विंचरलेले, हसली. मॅडमनी बाळाचं विचारलं तर आत झोपलंय म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, गाऊन दाखव गं मॅडमना. ती पाळण्यापाशी बसली आणि गायली. मॅडम परत येऊन ऋजुताला म्हणाल्या, इतकं सुंदर मी कधी ऐकलं नाही गं. मला तर काही कळलंच नाही. आणि मग चष्मा पुसत बसल्या. कक्षात तक्रार दिली होती. तिथून उत्तर आलं, की नोंद हिरवी असल्याने भेटीची गरज दिसत नाही.

आदेशात ‘कुठल्याही आईशी’ असं आहे. वाचणाऱ्याशी बोलू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, हे मॅडमनीच दाखवून दिलं.

तर ऋजुता तुमच्याशी बोलतेय. मिरजेत आलात तर दर्ग्याच्या मागे पिठाची गिरणी कुणीही दाखवेल. बाजूने लोखंडी जिना आहे. वर जा. चहा झाला की उठू नका, बसून राहा. चिमणीकडे पाहू नका. पाळण्यात वाकून बघा, बाळ आहे का. बाळ तिच्या हातात द्या आणि ती कशी धरते ते बघा. मग सगळे आत गेले की तिला विचारा, बाई, तू कशी आहेस, आणि ती ‘बरी’ म्हणाली की पुन्हा विचारा. तुमच्या गावातही अशी एखादी असेल, गोड गळ्याची, कुणालाच जिची काळजी वाटत नाही अशी. तिच्याकडेही जा. घाई नका करू, पण उद्यावरही नका टाकू.

आणि एवढं लक्षात ठेवा: तिला गायला सांगू नका.